पाकिटात ज्वारी किती?

तुमच्या कॉलेजात गेल्या वर्ष-दोन वर्षांत बिझनेस प्लॅनची स्पर्धा झाली असेल तर जरा आठवून बघा. कुणीतरी नाचणीच्या कुकीज आणल्या असणार, कुणीतरी ज्वारीचे पफ, कुणीतरी बाजरीचा पिझ्झा बेस. पहिल्या स्लाइडवर आजी आणि जातं. दुसऱ्यावर २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होतं, ही माहिती. तिसऱ्यावर वर वर जाणारा बाजारपेठेचा आलेख. आणि शेवटच्या स्लाइडवर हमखास एक वाक्य : यातून आपल्या शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढेल.

मला त्या शेवटच्या वाक्याबद्दलच बोलायचंय. ते खोटं आहे असं नाही. पण ते आपोआप खरं होत नाही, आणि कधी खरं होतं कधी नाही, हे साध्या गणिताने तपासता येतं. तुम्ही असा स्टार्टअप काढायच्या विचारात असाल तर हे गणित तुमच्यासाठी आहे. नसाल, तरी 'मिलेट' लिहिलेलं पाकीट दुप्पट पैसे देऊन विकत घेणारे तुम्ही-आम्हीच आहोत.

समजा, दुकानात २०० ग्रॅमचं ज्वारीच्या बिस्किटांचं पाकीट आहे, किंमत १०० रुपये. मागे बारीक अक्षरात ज्वारीचं पीठ २० टक्के असं लिहिलंय. म्हणजे पाकिटात ज्वारी ४० ग्रॅम. केंद्र सरकारने २०२५-२६च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरवला आहे, मालदांडीचा ३,७४९. साधारण ३७ रुपये किलो. ४० ग्रॅमचे झाले दीड रुपया. बरं, चांगली मालदांडी बाजारात याहून महाग जाते, तर दुप्पट धरा. तीन रुपये. शंभरातले तीन.

उरलेले ९७ कुणी खाल्ले, असा आरडाओरडा मी करणार नाही. भट्टी, पॅकिंग, पगार, वाहतूक, दुकानदाराचं मार्जिन, ऑनलाइन विकलं तर प्लॅटफॉर्मचं कमिशन, जाहिरात... हे सगळं खरोखरच लागतं. ज्यांनी कधी फेस्टमध्ये स्टॉल लावलाय त्यांना माहितीये, शंभराचा माल विकून हातात किती उरतात ते. मुद्दा एवढाच, की या पाकिटाचा खप दसपट झाला तरी ज्वारीची मागणी चिमूटभरच वाढते. वाढतो तो मैदा, साखर आणि पामतेलाचा खप. कारण उरलेल्या १६० ग्रॅममध्ये बहुतेक वेळा तेच असतं.

आता हेच गणित ज्वारीच्या पिठाला लावा. एक किलो पीठ, समजा ८० रुपयांना. त्यात ज्वारी एक किलोच. शंभरातले तीन रुपये बघता बघता पंचेचाळीसच्या पुढे जातात. पण पीठ विकायला कुणी स्पर्धेत ट्रॉफी देत नाही. शिवाय कोपऱ्यावरचा गिरणीवालाही तेच करतो, आणि तो तुमच्यापेक्षा ताजं देतो. इथेच धंद्याची खरी अडचण सुरू होते.

सोळा टक्क्यांची ज्वारी, सत्तर टक्क्यांची ज्वारी

मिलेटचा पदार्थ नेमका कशाला म्हणायचं? सरकारकडे याची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

थोडं मागे जाऊ. २०१८ मध्ये केंद्राने ज्वारी, बाजरी, नाचणी आणि त्यांच्या भाऊबंदांना 'भरड' न म्हणता 'पौष्टिक' धान्यं म्हणायचं ठरवलं. मार्च २०२१ मध्ये भारताच्या प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ हे वर्ष जाहीर केलं. २०२३च्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न' हे नाव आलं. या सगळ्या गाजावाजात दोन आर्थिक निर्णय झाले, ते फारसे कुणी एकत्र ठेवून बघितले नाहीत.

पहिला म्हणजे मिलेटपासून पदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांसाठीची प्रोत्साहन योजना. २०२२-२३ ते २०२६-२७ या काळासाठी तरतूद ८०० कोटी रुपये. विक्री वाढली की सरकार कंपनीला पैसे देणार. पदार्थ पात्र ठरायला त्यात वजनाच्या किती टक्के मिलेट हवं? १५ टक्क्यांहून जास्त. बस.

दुसरा निर्णय ऑक्टोबर २०२३च्या जीएसटी परिषदेतला. मिलेटच्या पिठापासून केलेल्या तयार पिठांवरचा कर १८ टक्क्यांवरून खाली आणला. पाकीटबंद आणि लेबल लावलेलं असेल तर ५ टक्के, सुटं असेल तर शून्य. अट मात्र कडक : वजनाच्या किमान ७० टक्के मिलेट पाहिजे.

म्हणजे १६ टक्के नाचणी घातलेला पदार्थ एका खात्याच्या लेखी प्रोत्साहनाला लायक 'मिलेट उत्पादन', आणि दुसऱ्या खात्याच्या लेखी सवलतीच्या आसपासही नाही. दोन्ही निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी माणसं असणार, हे समजू शकतं. एकाला मोठ्या कंपन्यांना मिलेटच्या वाटेवर आणायचं होतं आणि सुरुवातीला अट सोपी ठेवायची होती. मला विचाराल तर १५ टक्क्यांची अट पहिल्या वर्षी ठीक होती, पण ती दर वर्षी वाढत जायला हवी होती. तशी ती वाढवली असती तर आज बिस्किटांच्या रॅकवर वेगळं चित्र दिसलं असतं.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पेच बदलले. बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. सगळी बिस्किटं. मैद्याचीही आणि नाचणीचीही. पराठे, पोळ्या, खाकरे हा सगळा भारतीय रोट्यांचा गट तर शून्यावर गेला. ग्राहक म्हणून आपल्याला बरंच झालं. पण नाचणी जास्त घालणाऱ्याला कराच्या बाजूने जो थोडासा धक्का पुढे मिळायचा, तो आता जवळजवळ उरलेला नाही. यापुढे पाकिटात किती ज्वारी घालायची हे ठरवणारे दोघंच. बनवणारा आणि घेणारा.

घेणाऱ्याच्या हातात मात्र एक चांगलं हत्यार आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलच्या नियमांप्रमाणे एखादा घटक तुम्ही पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने मिरवत असाल, तर तो किती टक्के आहे हे लिहावं लागतं. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. त्यामुळे समोर ज्वारीचं भलंमोठं कणीस आणि मागे यादीत पहिला 'गव्हाचं पीठ' किंवा 'मैदा', दुसरी साखर, चौथी ज्वारी... असं दिसलं की काय ते समजून जा. हॉस्टेलवर आठ जण मिळून आपापल्या कपाटातली पाकिटं उलटी करून बघा. टाइमपास म्हणूनही भारी आहे.

गहू काही विष नाही

आता पोषणाकडे. इथे मी जरा अप्रिय बोलणार आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. कुठल्या धान्यात काय आणि किती, याचा आपल्याकडचा हा सगळ्यात भरवशाचा आधार. त्यात १०० ग्रॅममागे तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, बघा. ज्वारीत १० ग्रॅमच्या थोडं वर. बाजरीत साडेअकराच्या आसपास. नाचणीत अकराच्या आसपास. आणि गव्हाच्या कणकेत? साडेअकराच्या जरासं खाली. प्रथिनं बघा. कणीक साडेदहा, बाजरी अकरा, ज्वारी दहा, नाचणी सातच्या आसपास.

म्हणजे घरच्या चाळलेल्या-न चाळलेल्या कणकेची पोळी खाणाऱ्याला 'फायबरसाठी ज्वारीवर या' असं सांगण्यात फार दम नाही. खरा खलनायक असलाच तर तो मैदा. त्यातला कोंडा निघून गेलेला असतो आणि फायबर तीन ग्रॅमच्याही खाली येतं. गंमत बघा, ज्या मैद्याशी तुलना करून मिलेट श्रेष्ठ ठरतं, तोच मैदा मिलेटच्या बिस्किटात बसलेला असतो.

मग या धान्यांत वेगळं आहे काय? आहे ना. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू, ज्वारी, बाजरी हे तिघंही तिशीच्या आसपास. म्हणजे दहापटीहून जास्त. बाळाला नाचणीसत्त्व देणाऱ्या घरांनी हा तक्ता बघितलेला नव्हता, तरी ते बरोबर होतं. बाजरीत लोह गव्हापेक्षा दीडपट. आणि ज्वारी-बाजरी-नाचणीत ग्लुटेन नसतं. ज्यांना सिलियाक हा आजार आहे त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण 'ग्लुटेन फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्याच गिरणीत आधी गहू दळला असेल तर हा आकडा सहज ओलांडला जातो. घरगुती व्यवसाय करणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं.

प्रत्येक धान्याची ताकद वेगळी आहे. सगळ्यांना एकाच 'सुपरफूड'च्या पोत्यात कोंबलं की ती दिसेनाशी होते. स्टार्टअपवाल्यांनो, 'हाय फायबर' लिहायला १०० ग्रॅममागे किमान ६ ग्रॅम फायबर लागतं, नुसतं 'फायबरचा स्रोत' म्हणायला ३. आणि 'मधुमेह बरा करतो' छापाचा दावा तर अन्नपदार्थाच्या पाकिटावर करताच येत नाही. इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये केला तरी ती जाहिरातच असते.

पिठाची विरी

ही दुधारी गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला वाटतं सगळा धंदा इथे अडलाय.

ज्वारीची भाकरी थापताना ती कडेने तडकायला लागली की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, पिठाची विरी गेली. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, बांधून धरण्याची ताकद. गव्हात हे काम ग्लुटेन करतं. ज्वारीत ते नाहीच, म्हणून भाकरीला गरम पाणी घेतात, उकड काढतात, पीठ ताजं वापरतात. पीठ जुनं झालं की हाताने कितीही मळा, भाकरी वळत नाही. बाजरीची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्यात स्निग्धांश जास्त, पाच टक्क्यांच्या आसपास. दळल्यावर तो हवेशी खेळायला लागतो आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू, खवट होतं. आठवड्याच्या आठवड्याला दळण आणायची पद्धत त्यातूनच आली.

आता कंपनीच्या बाजूने बघा. तिला पाकीट दुकानात सहा-नऊ महिने टिकायला हवं. तिच्यासमोर पर्याय काय? ग्लुटेनसाठी मैदा मिसळा. किंवा डिंकासारखे पदार्थ घाला. किंवा धान्याचा स्निग्धांश असलेला अंकुराचा भाग काढून टाका, म्हणजे पीठ टिकेल, पण पोषणाचा एक वाटाही त्याबरोबर जाईल. किंवा वाफ, उष्णता वगैरे प्रक्रिया करा, ज्याला यंत्र आणि भांडवल लागतं. पाकिटात १५-२० टक्केच ज्वारी असण्यामागे दर वेळी लबाडी असते असं नाही. बऱ्याचदा ही विरी असते.

म्हणून फूड टेक्नॉलॉजी शिकणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न. नव्या चवीची कुकी हवीय कुणाला? बाजरीचं संपूर्ण पीठ, त्यातलं काहीही न काढता, तीन महिने कडू न होता टिकवता आलं, आणि तेही तालुक्याच्या गावातल्या बचत गटाला परवडेल अशा यंत्रावर, तर तो खरा स्टार्टअप. म्हैसूरची सीएफटीआरआय आणि हैदराबादची भारतीय कदन्न संशोधन संस्था या विषयावर काम करतात, आणि त्यांचं तंत्रज्ञान परवाना घेऊन वापरता येतं. हैदराबादच्या संस्थेत 'न्यूट्रिहब' नावाचं इन्क्युबेशन केंद्रही आहे. कॉलेजच्या स्टार्टअप सेलमधून थेट तिकडे अर्ज करण्याऐवजी आपण लोगो कसा हवा यावर तीन मीटिंगा घालवतो.

आणि सोलापूरच्या बायकांनी तर ही अडचण प्रयोगशाळेशिवायच सोडवलीये. कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी भाजून-वाळवून त्यातलं पाणी पूर्ण काढायचं. ती मोडली की पापडासारखा आवाज येतो, आणि ती टिकते. वर शेंगाचटणी, दही, किंवा आमटीत कुस्करून. पाकिटात ज्वारी किती? जवळजवळ शंभर टक्के. जिल्ह्यात अनेक बचत गट हा माल करून बाहेर पाठवतात. त्यांना कुणी 'फाउंडर' म्हणत नाही, पण टिकाऊपणा, शुद्धता आणि चव या तिन्ही कसोट्यांवर हा आपल्याकडचा सगळ्यात यशस्वी मिलेट पदार्थ आहे, असं माझं मत. आता रोट्यांच्या गटावर जीएसटी शून्य झाल्याचा फायदा त्यांना कितपत होतो, हे बघण्यासारखं आहे. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्या निमित्ताने तरी.

तसंच भगरीचं. उपवासाला आपण जी भगर खातो ती वरी, एक बारीक मिलेटच. नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्या कित्येक वर्षांपासून चालतात. 'मिलेट' हा शब्द आपल्या कानावर पडायच्या आधीपासून. आषाढी, श्रावण, नवरात्र, ठरलेली मागणी. ज्वारी-बाजरी-नाचणीला कोंडा काढावा लागत नाही, पण वरी, राळा, कोद्रा यांच्यावर कडक साल असते. पूर्वी ती उखळात कांडून काढायचे, आणि ते कष्ट घरातल्या बाईच्या वाट्याला. गावात साल काढायचं यंत्र नसेल तर शेतकरी सालासकट धान्य व्यापाऱ्याला देतो आणि किमतीतला मोठा वाटा गिरणीच्या गावाला जातो. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्याही सणांच्या दिवसांत येतात. दमट हवेत सुट्या भगरीवर बुरशी धरते, त्यामुळे पाकीटबंद घ्या, असं अन्न व औषध प्रशासन सांगत असतं. बघा, इथेही प्रश्न साठवणुकीचा आणि ओलाव्याचा. चवीचा नाहीच.

कडब्याशिवाय ज्वारी नाही

राज्य स्थापन झालं तेव्हा, १९६०-६१ मध्ये, महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरच्या वर जमीन होती. आज त्याच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी उरलीये. का? एक कारण सगळ्यांना माहितीये. पाणी आलं तिथे ऊस, नाही आलं तिथे सोयाबीन. दुसरं कारण रेशनचं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झालं. कायद्यात भरडधान्य आहे, पण आपल्याकडे पिशवीत पडतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्या घरात गहू फुकट येतो, त्या घराने पैसे मोजून ज्वारी का घ्यावी? गरिबाची म्हणून हिणवलेली भाकरी बघता बघता महागड्या हॉटेलच्या मेनूत गेली ती अशी.

तिसरं कारण शेतात गेल्याशिवाय कळत नाही. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, पाणी फारसं मागत नाही, पण काढणीला माणूस मागते. भर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ताटं हाताने उपटायची किंवा कापायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. मग मोठं हार्वेस्टर का लावत नाही? कारण त्याने कडबा जातो. कडबा म्हणजे जनावरांचा चारा, आणि कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ज्वारीच्या पिकातला निम्मा जीव त्यातच असतो. मालदांडीचं नाव तिच्या भाकरीमुळे आहे तितकंच तिच्या कडब्यामुळे. काही वर्षी तर धान्यापेक्षा कडब्याचीच चर्चा जास्त होते.

तुमच्या बिझनेस प्लॅनमध्ये कडबा हा शब्द कुठे आहे का? नसेल तर तुम्ही शेतकऱ्याशी भावाबद्दल बोलूच शकत नाही. तुम्ही किलोमागे दोन रुपये जास्त द्याल, पण कमी उंचीचं, जास्त दाणा देणारं वाण लावा म्हणाल, तर तो नाही म्हणेल. त्याचं गणित बरोबर असेल.

मेकॅनिकलवाल्यांसाठी हा खास मजकूर. ताट न चिरडता, कडबा शाबूत ठेवून ज्वारी काढणारं, दोन-चार एकरवाल्याला भाड्याने परवडणारं यंत्र. हा शंभर टक्के 'मिलेट स्टार्टअप' आहे, त्यात एकही कुकी नसली तरी.

आणि कॉमर्स-अ‍ॅग्रीवाल्यांनी वाणांकडे बघावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नुसती 'ज्वारी' नाही, कामाप्रमाणे ज्वारी काढलीये. लाह्यांसाठी फुले पंचमी, हुरड्यासाठी फुले मधुर, पापडासाठी फुले रोहिणी. परभणीच्या विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' वाणात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. पण बाजार समितीत पोतं उलटं झालं की सगळी ज्वारी एक होते. तिचं वाण हरवतं आणि जास्तीचा भावही हरवतो. समजा, तुम्ही वीस शेतकऱ्यांना फुले पंचमीचं बी दिलं, माल वेगळा ठेवायला पोती दिली, भाव आधी ठरवला आणि लाह्या विकल्या. लाहीत मैदा घालता येत नाही, साखर लागत नाही, आणि पाकिटात ज्वारी शंभर टक्के. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढेल हे वाक्य इथे कागदावर दाखवता येईल, कारण त्याला बाजारापेक्षा किती जास्त दिले याची पावती तुमच्याकडे असेल.

पैशाचं काय, असं विचाराल. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० पासून आहे. तिच्यात यंत्रासाठीच्या कर्जावर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आणि बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजार रुपये, अशी तरतूद आहे. कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात याची चौकशी होते. एकट्याने 'फाउंडर' होण्यापेक्षा एखाद्या चालू बचत गटाबरोबर भागीदारी केली तर ही वाट सोपी आहे. त्यांना भाकरी येते, तुम्हाला लेबल, हिशोब आणि ऑनलाइन ऑर्डरी येतात. यात कमीपणा वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

मोठं व्हायचं स्वप्न चूक नाही, हेही सांगते. बेंगळुरूची 'सोलफुल' ही नाचणीपासून सुरुवात केलेली कंपनी टाटा कन्झ्युमरने २०२१ मध्ये सुमारे १५६ कोटींना घेतली. असं होतं. पण असं काही मोजक्यांचंच होतं, आणि अशा मोठ्या विक्रीतून ब्रँड उभा राहतो म्हणजे ज्वारीखालचं क्षेत्र वाढतं असं नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं समजून स्लाइड करू नका. परीक्षकांनीही एकदा विचारावं की, तुमच्या एका पाकिटामागे किती ग्रॅम धान्य विकत घेतलं जातं. या एका प्रश्नाने अर्धे प्लॅन सुधारतील.

यंदाच्या स्पर्धेची तयारी करत असाल तर हिवाळ्याच्या शेवटी सोलापूर किंवा बार्शीच्या बाजार समितीत एक सकाळ घालवा. नवी ज्वारी यायला लागलेली असते. तीन गोष्टी लिहून आणा : त्या दिवशी मालदांडीला काय भाव निघाला, विकणाऱ्याने कडबा कुणाला आणि कितीला दिला, आणि पुढच्या वर्षी तो ज्वारी पेरणार आहे का. दुपारच्या आधी जा. लिलाव लवकर उरकतो.